काचेच्या टाकीतील पाणी जिवंत कसे राहते?
मोठ्या घरगुती मत्स्यालयासाठी पुरेशा गाळणयंत्रणेची निवड

हौसेने घरी आणलेली माशांची मोठी काचेची टाकी पहिल्या आठवड्यात आरशासारखी स्वच्छ दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे अन्नाकडे दुर्लक्ष करू लागतात, पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात, आणि एके सकाळी एखादा मासा उलटा तरंगताना दिसतो. घरातील मुले हिरमुसतात. वडीलधारी मंडळी “पाणी मानवले नाही” असे म्हणून विषय संपवतात. दुकानदार निळ्या औषधाची बाटली देतो आणि त्याबरोबर नवे मासेही देतो. पाणी काचेसारखे नितळ असूनही मासे का मेले, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

त्याचे उत्तर बहुतेक वेळा टाकीच्या कोपऱ्यात बसवलेल्या हाताच्या पंजाएवढ्या फिल्टरमध्ये सापडते. चार-पाच फुटांची टाकी घेताना घरोघरी काचेच्या जाडीची, स्टँडची, दिव्यांची आणि मागच्या रंगीत चित्राची चर्चा होते. फिल्टर मात्र ‘सोबत मिळाला’ म्हणून स्वीकारला जातो. वस्तुतः टाकीतील प्रत्येक जीव त्याच एका यंत्रावर जगत असतो. नदीतील माशाला पाणी बाधले तर तो दूर पोहून जाऊ शकतो. टाकीतील माशाला ती वाट नाही. ज्याने त्याला काचेत आणले, त्याच्या हिशेबावर आणि सवयींवर त्याचे जगणे अवलंबून आहे. म्हणून हा हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

गाळणे म्हणजे काय?

फिल्टर तीन प्रकारची कामे करतो. पहिले काम यांत्रिक गाळणीचे. विष्ठा, उरलेले अन्न आणि कुजलेली पाने स्पंजमध्ये किंवा फायबरच्या कापसात अडकतात. डोळ्यांना दिसते ते एवढेच. दुसरे काम जैविक, आणि माशांचा जीव खऱ्या अर्थाने तेच वाचवते. तिसरे रासायनिक, त्यात कोळशासारख्या पदार्थाने पाण्यातील रंग, वास किंवा औषधाचा अंश शोषला जातो. हे तिसरे काम प्रसंगोपात्त लागते, रोज नव्हे. काही दिवसांतच कोळशाची शोषणशक्ती संपते. त्यानंतर तो साध्या खडीसारखा पडून राहतो.

जैविक काम समजण्यासाठी माशाच्या शरीराकडे वळावे लागते. मासा प्रथिनयुक्त अन्न खातो आणि त्यातील नत्राचा मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने थेट पाण्यात सोडतो. अमोनियाला रंग नसतो. त्यामुळे विषारी पाणीही नितळच दिसते. फिल्टरमधील पृष्ठभागांवर वाढणारे काही जीवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने या अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही माशांना घातक असते, कारण ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती हिरावून घेते. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळ सौम्य असते. ते वनस्पती शोषून घेतात किंवा पाणी बदलताना ते बाहेर जाते. या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात.

रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९० च्या सुमारास, हे काम करणारे जीवाणू मातीतून वेगळे करून दाखवले. मत्स्यालयांच्या बाबतीत नायट्राइटचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा गटातील जीवाणू करतात, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. पुढे २०१५ साली याच गटातील काही जीवाणू अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकट्याने पार पाडतात, असाही शोध लागला. त्यांपैकी काही जीवाणू मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच सापडले होते. घरातील टाकीखाली एवढी सूक्ष्म वसाहत नांदत असते, आणि फिल्टर विकत घेताना आपण वास्तविक तिच्यासाठी जागा विकत घेत असतो.

हिशेबाची पहिली पायरी : टाकीत पाणी किती?

एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीचे घनफळ १२ घनफूट, म्हणजे सुमारे ३४० लिटर. पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीचे २० घनफूट, म्हणजे ५६६ लिटर. वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्ष पाणी अनुक्रमे २९० आणि ४८० लिटरांच्या आसपास भरते. पुढील सर्व हिशेब या प्रत्यक्ष पाण्यावर करावेत.

याच आकड्यावरून वजनही कळते. ४८० लिटर पाण्याचे वजन ४८० किलो. काच, वाळू आणि स्टँड धरून ते सहाशे किलोंच्या वर जाते. अशी टाकी वरच्या मजल्यावर स्लॅबच्या मधोमध ठेवू नये. भिंतीलगत, तुळईच्या आधारावर आणि शक्यतो तळमजल्यावर ठेवावी.

दुसरी पायरी : मासे किती खाणार?

फिल्टरच्या खोक्यावर ‘इतक्या लिटरच्या टाकीसाठी’ असे लिहिलेले असते. हा आकडा फसवा आहे, कारण घाण पाण्यामुळे होत नाही, अन्नामुळे होते. तीच पाच फुटी टाकी वीस निऑन टेट्रांसाठी वाजवीपेक्षा मोठी आणि चार मोठ्या ऑस्कर माशांसाठी अपुरी ठरू शकते. म्हणून रोज किती ग्रॅम खाद्य पडणार, हे विचारणे अधिक शास्त्रीय होय.

मत्स्यपालनात वापरला जाणारा एक ठोकताळा येथे उपयोगी पडतो. खाद्यातील प्रथिनांच्या वजनाच्या सुमारे नऊ टक्के इतका नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. समजा, पाच फुटी टाकीत रोज १० ग्रॅम खाद्य पडते आणि त्यात ३५ टक्के प्रथिने आहेत. म्हणजे प्रथिने साडेतीन ग्रॅम, आणि अमोनियारूपी नत्र सुमारे ०.३२ ग्रॅम. ४८० लिटर पाण्यात तो मिसळला, तर दर लिटरला सुमारे ०.६७ मिलिग्रॅम होतो. फिल्टर नसेल, तर ही भर रोज पडत राहील आणि तीन दिवसांत हा आकडा दोन मिलिग्रॅमवर पोहोचेल. नव्या टाकीतील मासे पहिल्याच पंधरवड्यात का दगावतात, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे.

आता ही ०.३२ ग्रॅमची रोजची भर संपवण्यासाठी जीवाणूंना पृष्ठभाग लागतो. सावध नियोजनासाठी एक चौरस मीटर पृष्ठभाग दिवसाला ०.१ ग्रॅम नत्र हाताळतो असे धरले, तर आपल्याला सव्वातीन चौरस मीटर पृष्ठभाग हवा. प्लास्टिकच्या फिरत्या चकत्यांच्या माध्यमातून लिटरमागे साधारण अर्धा चौरस मीटर सुरक्षित पृष्ठभाग मिळतो. म्हणजे असे माध्यम साडेसहा लिटरांच्या आसपास लागेल. मध्यम छिद्रांच्या स्पंजमध्ये लिटरमागे पृष्ठभाग अधिक असतो, पण तो गाळाने लवकर तुंबतो. कोपऱ्यात बसणाऱ्या छोट्या फिल्टरमध्ये स्पंज अर्धा लिटरही नसतो. यंत्र बिघडलेले नसते, पाणीही नितळ दिसते. फक्त जीवाणूंना राहायला घर नसते.

तिसरी पायरी : पाणी फिरते किती?

टाकीतील सर्व पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून जावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. जास्त घाण करणाऱ्या गोल्डफिश किंवा ऑस्करसाठी वरची मर्यादा धरावी. शांत पाणी आवडणाऱ्या एंजल माशांसाठी खालची पुरे. ४८० लिटरच्या टाकीला त्यामुळे तासाला सुमारे १,९०० ते २,९०० लिटरांचा प्रत्यक्ष प्रवाह लागतो.

येथे ‘प्रत्यक्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पंपावर छापलेला आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसताना मिळणारा असतो. ज्या पंपाची कमाल उंची दोन मीटर आहे, त्याला पाणी सव्वा मीटर वर चढवायला लावले, तर छापील प्रवाहाच्या निम्म्याहूनही कमी पाणी मिळेल. नळीची वळणे आणि तुंबलेला स्पंज त्यातूनही वाटा घेतात. खात्री करण्याचा उपाय शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. पंधरा लिटरची बादली फिल्टरच्या निकासाखाली धरावी आणि घड्याळ लावावे. ती ४५ सेकंदांत भरली, तर प्रवाह तासाला १,२०० लिटर आहे. महिन्यातून एकदा ही मोजणी करून वहीत नोंदवली, तर फिल्टर तुंबतो आहे हे मासे सांगण्याआधी वही सांगते.

फिल्टरचे प्रकार आणि त्यांची पात्रता

स्पंज फिल्टर हवेच्या पंपावर चालतो. तो स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा असतो; पाण्यात हवाही खेळवतो. मोठ्या टाकीसाठी तो एकटा अपुरा पडतो, पण दुसऱ्या यंत्राचा सोबती म्हणून त्याला तोड नाही.

वाळूखाली बसवायचा जाळीचा फिल्टर पूर्वी घरोघरी दिसे. वाळूचा थरच त्यात जैविक गाळणीचे काम करतो. मासे थोडे असतील, तर तो चालतो. वाळू उकरणाऱ्या मोठ्या माशांच्या टाकीत मात्र गाळ खाली साचत जातो आणि साफसफाईसाठी सारी टाकी उपसावी लागते.

टाकीच्या आत बुडवायचा पॉवर फिल्टर आणि काठावर टांगायचा फिल्टर दीडदोनशे लिटरपर्यंत ठीक. त्यांतील माध्यमाची जागा लहान असते. मोठ्या टाकीत ते प्रवाह देतात, पण जीवाणूंना पुरेसे घर देत नाहीत.

टाकीच्या झाकणात पन्हळीसारखा बसणारा टॉप फिल्टर आपल्याकडे पुष्कळ विकला जातो. पन्हळ लांब आणि खोल असेल, तर तो उपयुक्त ठरतो. पाणी हवेच्या संपर्कात झिरपते, त्यामुळे ऑक्सिजन भरपूर मिळतो आणि साफसफाई हाताशी असते. मात्र पन्हळीत नुसता पांढरा कापूस न घालता स्पंज आणि सच्छिद्र सिरॅमिक कड्या भराव्यात.

कॅनिस्टर म्हणजे टाकीखाली ठेवायचा बंद डबा. त्यात माध्यम पाच-दहा लिटरपर्यंत मावते, आवाज होत नाही आणि दिवाणखान्याची शोभा टिकते. चार फुटी टाकीसाठी एक चांगला कॅनिस्टर, पाच-सहा फुटी टाकीसाठी दोन, ही योजना समाधानकारक ठरते. त्याचा दोष एकच, आणि तो आपल्या भागात गंभीर आहे : वीज गेली की बंद डब्यातील ऑक्सिजन संपू लागतो. त्याविषयी पुढे सविस्तर पाहू.

शेवटचा प्रकार म्हणजे खालची टाकी, जिला दुकानदार ‘सम्प’ म्हणतात. वरच्या टाकीचे पाणी ठरावीक कडेवरून सांडून खालच्या टाकीत येते, तेथे स्पंज, कड्या आणि फिरत्या चकत्यांमधून जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ साली उघडलेल्या मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी प्रदर्शनातील टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा जलसाठा तळाशी ठेवून पाणी अखंड फिरते ठेवले होते. पाण्याचे आकारमान वाढले की त्यातील बदल सावकाश होतात, हे तत्त्व त्यांना उमगले होते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हापासून लाखो मराठी मुलांनी काचेआडचे मासे प्रथम तेथेच पाहिले. अशा कोणत्याही सार्वजनिक मत्स्यालयात प्रेक्षकाला फक्त काच दिसते. खरे काम पडद्यामागे चाललेले असते.

नळदुर्गच्या वाचकाला सांडव्याचे तत्त्व नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात किल्ल्यातील बोरी नदीवर बंधारा आणि त्याच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला. पावसाळ्यात पाणी सांडव्याच्या उंबऱ्यापर्यंत चढते आणि नर-मादी धबधब्यांच्या रूपाने खाली कोसळते. उंबऱ्याखालचे पाणी मात्र नदी ओसरली तरी बंधाऱ्यामागेच राहते. टाकीतील सांडवा तसाच वागतो. पंप चालू असताना पाण्याची पातळी कडेच्या किंचित वर असते. वीज गेली की कडेवरचे तेवढेच पाणी खाली उतरते आणि बाकीचे वरच थांबते.

किती पाणी उतरेल, हे आधी मोजावे. पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे साडेतेवीस लिटर. दोन इंच उतरणार असेल, तर खालच्या टाकीत ४७ लिटरांची रिकामी जागा कायम हवी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर मावतात. ती चालू स्थितीत १२० लिटरांपर्यंतच भरावी, म्हणजे वीज गेल्यावर फरशीवर पाणी येणार नाही. परतीच्या नळीचे तोंड पाण्यात खोल बुडालेले असेल, तर पंप थांबताच तीच नळी वरचे पाणी उलटे ओढून घेते. तिला पातळीच्या लगेच खाली एक लहान छिद्र पाडले, की हवा शिरून हा ओढा तुटतो. ते छिद्र शेवाळाने बुजले नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

आपले पाणी, आपला उन्हाळा, आपली वीज

परदेशी पुस्तकांतील सल्ला जसाच्या तसा येथे लागू पडत नाही. धाराशिव जिल्ह्याची भूमी काळ्या कातळाची. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड आणि क्षारयुक्त असते. याचा एक लाभ आहे. नायट्रीकरणात अल्कता खर्च होते : एक ग्रॅम अमोनियारूपी नत्रामागे सात ग्रॅमहून किंचित जास्त. जड पाण्यात ती सहसा विपुल असते, म्हणून सामू एकाएकी कोसळत नाही. ‘शुद्ध’ म्हणून टाकीत केवळ आरओचे पाणी भरणाऱ्यांची फसगत येथेच होते. त्या पाण्यात अल्कता जवळजवळ नसते. काही आठवड्यांत सामू घसरतो आणि जीवाणूंचे काम मंदावते. माणसाला गोड लागणारे पाणी फिल्टरला उपासमारीचे ठरते.

जड पाण्याची दुसरी बाजूही आहे. अमोनियाचा विषारी भाग सामूबरोबर झपाट्याने वाढतो. २८ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला, की हे प्रमाण सुमारे साडेसहा टक्के होते आणि ८.५ ला १८ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणून बोअरच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्याने फिल्टर हिशेबापेक्षा सढळच घ्यावा.

उन्हाळा हे तिसरे आव्हान. २५ अंशांना एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना सुमारे साडेसात. पाणी तापले की ऑक्सिजन कमी होतो आणि नेमकी तेव्हाच मासे व जीवाणू या दोघांचीही गरज वाढते. एक ग्रॅम अमोनियारूपी नत्राच्या नायट्रीकरणाला साडेचार ग्रॅमहून अधिक ऑक्सिजन लागतो. एप्रिल-मे महिन्यांत फिल्टरचा निकास पृष्ठभागावर खळखळत पडेल अशी मांडणी करावी, झाकण अर्धवट उघडे ठेवावे आणि खाद्य कमी करावे. बाष्पीभवनाने उडालेले पाणी भरून काढताना ते शक्यतो कमी क्षारांचे घ्यावे. पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात, आणि रोजच्या भरीने ते साठत जातात. येथे मात्र आरओचे पाणी योग्य.

आणि वीज. पंप थांबला, की फिल्टरमधील जीवाणूंना मिळणारा ऑक्सिजनही थांबतो. बंद कॅनिस्टरमध्ये काही तासांतच पाणी कुजू लागते आणि वीज परतताच तेच दुर्गंधीयुक्त पाणी माशांवर ओतले जाते. दीर्घ खंडानंतर कॅनिस्टर थेट चालू न करता आधी उघडावा, आतील पाणी ओतून द्यावे, माध्यम टाकीच्याच पाण्यात हलके खळबळून घ्यावे आणि मग जोडावा. टॉप फिल्टर आणि खालची टाकी उघडी असल्याने अधिक काळ तग धरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि त्याला जोडलेला एक स्पंज फिल्टर ही मोठ्या टाकीची विमापॉलिसीच समजावी. इन्व्हर्टर असेल, तर त्यावर मुख्य पंपाऐवजी हवेचा पंप टाकावा. तो अगदी थोडी वीज घेतो. मुख्य पंप ३५ वॅटचा असेल, तर तो अखंड चालून महिन्याला सुमारे २५ युनिट खातो, हेही निवडीच्या वेळी ध्यानात असावे. पंपाची वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी पंपाचे बटण बंद करण्याची सवय घरातील सर्वांना लावावी.

फिल्टर पाणी वाचवतो का?

दुष्काळाची झळ सोसलेल्या आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नैतिकही आहे. उत्तम फिल्टर घेतला, की पाणी बदलावे लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. फिल्टर अमोनियाचे नायट्रेट करून थांबतो. नायट्रेट टाकीतच साठते. वरील उदाहरणातील रोजचे १० ग्रॅम खाद्य आठवड्याला लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम नायट्रेट निर्माण करते. ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास रोखायचे, तर दर आठवड्याला निम्मे पाणी, म्हणजे २४० लिटर बदलावे लागेल. खाद्य ५ ग्रॅमवर आणले, तर तेच काम सुमारे सव्वाशे लिटरांत भागते. ताज्या पाण्यातच नायट्रेट असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. शेतांजवळच्या विहिरींत ते पुष्कळदा असते. तेव्हा पाणी वाचवण्याचा मार्ग मोठ्या फिल्टरपेक्षा कमी माशांतून आणि कमी खाद्यातून जातो. टाकीत किंवा सम्पमध्ये मुळे सोडलेला मनीप्लांटही नायट्रेट शोषून हातभार लावतो. काढलेले पाणी मोरीत न ओतता परसातील झाडांना द्यावे. त्यातील नायट्रेट हे झाडांचे अन्नच आहे. पाणी फार जड असेल, तर मात्र ते एकाच कुंडीत सतत ओतू नये.

नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरीचा क्लोरीन असतो. तो माशांचे कल्ले भाजतो आणि फिल्टरमधील जीवाणूही मारतो. असे पाणी उघड्या पिंपात हवा खेळती ठेवून २४ तास राहू द्यावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक योग्य प्रमाणात घालावे. याच कारणाने फिल्टरचे माध्यम कधीही नळाखाली धुऊ नये. ‘स्वच्छ’ करण्याच्या भरात महिनाभर जोपासलेली वसाहत पाच मिनिटांत वाहून जाते. टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज पिळावा, तोही एका वेळी निम्माच. उरलेला पुढच्या आठवड्यात.

सुरुवात आणि संयम

नव्या फिल्टरमध्ये जीवाणूंची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात दोन-चार काटक मासेच ठेवावेत, खाद्य चिमूटभर द्यावे आणि अमोनिया व नायट्राइट चाचणीसंचाने मोजत राहावे. दोन्ही शून्यावर टिकले, की मग हळूहळू संख्या वाढवावी. ओळखीच्या घरातील निरोगी टाकीतून वापरलेला स्पंजचा तुकडा आणून नव्या फिल्टरमध्ये ठेवला, तर हा काळ बराच कमी होतो. शेजाऱ्याकडून विरजण आणावे, तसाच हा प्रकार.

‘टाकी साफ ठेवणारा मासा’ म्हणून सकर मासा विकला जातो. तो काचेवरचे शेवाळ थोडेफार खातो, पण स्वतः फुटाच्या वर वाढतो आणि भरपूर विष्ठा टाकतो. फिल्टरचे ओझे तो कमी करत नाही, वाढवतो. कंटाळलेले मालक त्याला नदी-तलावात सोडतात, आणि तेथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. उजनीच्या मच्छीमारांना हा उपद्रव ठाऊक आहे. बोरीच्या पात्रात हा मासा सोडणे म्हणजे एका जिवावर दया दाखवून अनेकांवर अन्याय करणे होय.

निवडीचा सारांश

चार फुटी टाकी, लहान मासे आणि पाणवनस्पती असतील, तर एक चांगला कॅनिस्टर किंवा खोल पन्हळीचा टॉप फिल्टर, सोबत एक स्पंज फिल्टर. पाच फुटी किंवा मोठी टाकी आणि गोल्डफिश वा ऑस्करसारखे भरपूर खाणारे मासे असतील, तर खालची टाकी सर्वांत उत्तम. ती शक्य नसेल, तर दोन कॅनिस्टर. वीज वारंवार जाते आणि खर्चाला मर्यादा आहे अशा घरात टॉप फिल्टर, दोन मोठे स्पंज फिल्टर आणि बॅटरीचा हवापंप ही योजना एखाद्या महागड्या यंत्रापेक्षा भरवशाची ठरते. कोणत्याही परिस्थितीत एका मोठ्या यंत्रापेक्षा दोन स्वतंत्र यंत्रे बरी. एक बंद पडले, तरी दुसरे रात्र काढून देते.

आणि यांपैकी काहीच परवडत नसेल, तर मासे कमी करावेत. लहान फिल्टरवर थोडे मासे सुखाने जगतात; मोठ्या टाकीत अपुऱ्या फिल्टरवर दाटीवाटीने ठेवलेले मासे फक्त दिवस मोजतात. वसतिगृहातील किंवा घरातील मुलांकडे टाकी सोपवायची असेल, तर त्यांच्या हाती आधी खाद्याचा डबा न देता बादली, घड्याळ आणि एक वही द्यावी. दर आठवड्याचा प्रवाह, अमोनिया, बदललेले पाणी आणि दिलेले खाद्य त्यांनी स्वतः नोंदवावे. तीन महिन्यांनी त्या वहीतील रकाने पाहून ती मुलेच सांगतील, की टाकीत आणखी मासे मावतील की नाही.